मॉरिशस : ऊस, पाखरे आणि माणसे



मुंबई बंदरातून दक्षिण-नैर्ऋत्येकडे सुमारे ४,७०० किलोमीटर गेले, विषुववृत्त मागे पडले आणि मकरवृत्त जवळ येऊ लागले, की हिंदी महासागरात एक बेट लागते. आफ्रिका खंडाचा किनारा तेथून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे. मादागास्कर हे मोठे बेट आठ-साडेआठशे किलोमीटरवर. आजूबाजूला रेयुनियाँखेरीज सांगण्यासारखी जमीन नाही. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस जितक्या अक्षांशावर वसली आहे, जवळपास तितक्याच अक्षांशावर हे बेट दक्षिणेस वसले आहे. म्हणून ऋतू उलटे. आपल्याकडे गळीत हंगाम संपून कारखान्यांची धुराडी थंड पडली, की दोन-तीन महिन्यांनी तेथील उसाला कोयता लागतो.

या बेटाचे नाव मॉरिशस. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण निम्मे. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. एका चौरस किलोमीटरला सहाशेहून अधिक माणसे, ही घनता जगातील दाट वस्तीच्या देशांत मोडते. अशा या लहानशा भूमीवर लोकशाही राज्यव्यवस्था आहे, नियमित निवडणुका होतात, आणि गावोगावी निवडून आलेल्या ग्रामपरिषदाही काम करतात.

बेटाची मुळे ज्वालामुखीत आहेत. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी समुद्रतळातून वर आलेल्या लाव्हारसाने ही जमीन घडविली. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला ओळखीचा असणारा काळा बसाल्ट दगड तेथेही पायाखाली आहे. मध्यभागी पठार, त्याच्या कडांना तुटक डोंगर, आणि डोंगरांपलीकडे उतरत जाणारी किनारपट्टी. सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटरचे. तथापि पीटर बोथ नावाच्या डोंगराच्या माथ्यावर मुंडक्यासारखा बसलेला धोंडा पाहिला म्हणजे उंचीचा हिशेब मनात राहत नाही. आग्नेय व्यापारी वारे पठारावर पाऊस पाडतात. क्युरपीपसारख्या पठारावरील नगरात छत्री बारमाही लागते आणि पश्चिम किनाऱ्यावर मात्र पाण्याची चणचण असते. तासाभराच्या प्रवासात कोकण आणि देश, दोन्हींची हवा अनुभवावी, असा हा प्रकार आहे. बेटाभोवती सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची प्रवाळांची रांग आहे. बाहेरच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले उथळ पाणी शांत राहते. मासेमारी आणि पर्यटन या दोहोंचा आधार हीच रांग होय.

या बेटाचा एक विशेष प्रारंभीच ध्यानात घेतला पाहिजे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथे माणसाची वस्ती नव्हती. अरब आणि पोर्तुगीज नाविकांना ते ठाऊक होते. पण वसाहत करावी असे कोणाला वाटले नाही. १५९८ मध्ये डच उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिस याच्या नावावरून बेटाचे नामकरण केले. याचा अर्थ असा, की आज तेथे दिसणारा प्रत्येक मनुष्य, प्रत्येक पाळीव जनावर आणि जवळजवळ प्रत्येक पीक बाहेरून आलेले आहे, आणि ते केव्हा, कोठून व कोणत्या हेतूने आले याची बहुतांशी नोंद आहे. बाहेरून आणलेल्या प्रत्येक गोष्टीने कोणाची तरी जागा घेतली. ही जागा कोणी घेतली आणि कोणी गमावली, याचा हिशेब साडेचारशे वर्षांच्या आतल्या काळात मांडता यावा, असे देश जगात फार थोडे आहेत.

डोडोचे जाणे

या हिशेबातील पहिली नोंद डोडो पक्ष्याची. कबुतरांच्या कुळातील हा थोराड पक्षी उडू शकत नव्हता. त्याला उडण्याचे कारणच पडले नव्हते, कारण बेटावर त्याची शिकार करील असा एकही सस्तन प्राणी नव्हता. तो जमिनीवर अंडी घाली आणि माणसाला भीत नसे. डच खलाशांनी त्याला मारून खाल्ले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते व ती खोटी नाही. परंतु खरा घात जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी केला. त्यांनी अंडीच शिल्लक ठेवली नाहीत. १६६२ नंतर डोडो पाहिल्याची निःसंदिग्ध नोंद मिळत नाही. म्हणजे डच उतरल्यापासून पुरती सत्तर वर्षेही हा पक्षी टिकला नाही. इंग्रजी भाषेत त्याचे नाव कालबाह्य वस्तूला देण्याची प्रथा पडली. वस्तुतः डोडो स्वतःच्या घरात अगदी सुखाने जगत होता. कालबाह्य तो ठरविला गेला.

या पक्ष्याचा भारताशी एक धागा आहे आणि तो फारसा कोणास ठाऊक नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात सुरत येथे दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराच्या नावे सांगितले जाणारे एक चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यात इतर पक्ष्यांच्या मेळ्यात मध्यभागी डोडो उभा आहे. जिवंत पक्षी पाहून काढलेल्या डोडोच्या ज्या थोड्या विश्वसनीय प्रतिमा उपलब्ध आहेत, त्यांत अभ्यासक या चित्राची गणना करतात.

डोडोबरोबर आणखी बरेच काही गेले. मोठी जमिनीवरील कासवे गेली. अबनूसाची वने डचांनी तोडली, आणि पुढे उसासाठी उरलेले रान साफ झाले. आज मूळ स्वरूपातील चांगले जंगल बेटाच्या दोन टक्के क्षेत्रावरही उरलेले नाही.

ऊस आणि उसामागून आलेली माणसे

ऊस डचांनीच १६३९ मध्ये जावा बेटातून आणला. परंतु त्यांचा जीव तेथे रमला नाही आणि १७१० मध्ये त्यांनी बेट सोडले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. १७३५ मध्ये आलेल्या ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई बंदर बांधले व साखरनिर्मितीला चालना दिली. मळ्यांत राबण्यासाठी मादागास्कर व आफ्रिकेतून गुलाम आणण्यात आले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. पण मळेवाल्यांचे कायदे, त्यांची भाषा आणि त्यांचे मळे जसेच्या तसे राहू दिले. म्हणूनच आजही संसदेत इंग्रजी, वृत्तपत्रांत फ्रेंच आणि घराघरांत क्रिओल, अशी त्रिविध व्यवस्था तेथे दिसते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी संपुष्टात आली. नुकसानभरपाई देण्यात आली ती गुलामांच्या मालकांना. सुमारे वीस लाख पौंडांची ही रक्कम साखरेच्या धंद्यात मोठ्या प्रमाणावर गुंतविली गेली. राबणारे हात मात्र हवेच होते. ते भारतातून आणावयाचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ हे जहाज छत्तीस मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले. तेव्हापासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय स्त्री-पुरुष करारावर तेथे उतरले. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले आणि करारावर सही अगर अंगठा करणारा गिरमिटिया ठरला. बंदरावरील ज्या दगडी पायऱ्या चढून ही माणसे आत गेली, त्या सोळा पायऱ्या आप्रवासी घाट या नावाने जतन करण्यात आल्या असून २००६ मध्ये युनेस्कोने त्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. बेटाच्या नैर्ऋत्य टोकास ले मॉर्न नावाचा कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या आश्रयाने राहत. २००८ मध्ये त्यालाही तोच मान मिळाला. एकाच देशाने गुलामांची आणि गिरमिटियांची स्मृती अशी शेजारी-शेजारी जपावी, ही गोष्ट लहान नव्हे.

बहुसंख्य मजूर कलकत्त्याच्या मार्गाने बिहार व उत्तर भारतातून आणि मद्रासच्या मार्गाने दक्षिणेतून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या त्या मानाने बरीच कमी होती. परंतु त्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील माणसे होती. त्यांच्या वंशजांची मराठी वस्ती आजही मॉरिशसमध्ये आहे. घरची बोली बहुतेकांची क्रिओल झाली, पण शाळांतून मराठी हा विषय शिकविला जातो आणि महात्मा गांधी संस्थेत त्याच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्या रात्री ‘झाकरी’ नाचली जाते. कोकणातील जाखडी जिने पाहिली आहे, त्या श्रोत्याला हा शब्द उलगडून सांगावयास नको.

मळ्यांतील कष्टांचा एक पुरावा अजून शेतांत उभा आहे. उसासाठी जमीन तयार करताना मजुरांनी हातांनी दगड वेचले आणि त्यांचे ढीग रचले. उसाच्या हिरव्या पाटीत मध्येच काळ्या दगडांच्या चौथऱ्यांच्या राशी दिसतात, त्या याच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या. काटकसर करून पैसा गाठीला बांधलेल्या मजुरांनी त्या घेतल्या आणि लहान ऊस बागायतदारांचा वर्ग जन्मास आला. यांचे भांडण आपल्याकडील ऊस उत्पादकास लगेच समजेल. ऊस लहान शेतकऱ्याचा, कारखाना मळेवाल्याचा, आणि भाव ठरविणारा कारखाना. १९३७ मध्ये लहान शेतकऱ्यांनी लावलेल्या ‘उबा’ या जातीच्या उसाचा भाव कारखान्यांनी १५ टक्क्यांनी कमी केला. असंतोष पेटला, संप झाले, गोळीबारात माणसे मेली. त्यापूर्वीच्याच वर्षी मजूर पक्षाची स्थापना झाली होती; या घटनांनंतर कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. सहकारी पतसंस्थांचा कायदा तेथे १९१३ मध्येच आला होता.

उसालाच बेटाने एवढे कवटाळून का बसावे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर हवेत आहे. बेटावर चक्रीवादळे येतात. १९६० च्या फेब्रुवारीअखेर आलेल्या ‘कॅरोल’ या वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली आणि त्या वर्षी साखरेचे उत्पादन निम्म्यावर आले. पण ऊस वाऱ्याने आडवा होतो आणि पुन्हा उठतो. कॉफी, लवंग यांसारखी झाडे एकदा मोडली, की संपली. पुढच्याच वर्षी साखरेचे उत्पादन पूर्ववत झाले.

एक निराशाजनक अहवाल

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना निर्यातीच्या उत्पन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या साखरेचे होते. दुसरीकडे लोकसंख्या वर्षाला सुमारे तीन टक्क्यांनी वाढत होती. १९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने अहवाल सादर केला. याच मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बेटाच्या शांततामय विकासाची आशा फारशी नाही, असे त्यांचे मत पडले. जमीन थोडी, पीक एकच, माणसे वाढती, आणि समाज अनेक वंश व धर्मांत विभागलेला. कागदावर हे गणित चुकीचे नव्हते.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस म्हणून ही तारीख निवडण्यात आली. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना या बेटावर काही दिवस राहिले होते. १९९२ मध्ये याच तारखेस देश प्रजासत्ताक झाला. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्यासमोर मीड यांचे गणित होतेच. ते कोणत्या मार्गाने सोडविण्यात आले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला मार्ग कुटुंबनियोजनाचा. सक्ती न करता, आणि कॅथॉलिक धर्मसंस्थेलाही तिला मान्य असलेल्या पद्धतींपुरते सहभागी करून घेऊन, सरासरी एका स्त्रीमागे सहाच्या आसपास असलेली अपत्यसंख्या सुमारे दहा वर्षांत साडेतीनपर्यंत खाली आली. मुलींचे शिक्षण आणि आरोग्यसेवा यांचा त्यात मोठा वाटा होता. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले.

दुसरा मार्ग कारखान्यांचा. एदुआर लिम फात या प्राध्यापकांच्या सूचनेवरून १९७० मध्ये निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. कच्चा माल करमुक्त आणावा, तयार माल बाहेर पाठवावा, ही योजना. कपडे शिवणारे कारखाने उभे राहिले आणि त्यांत प्रामुख्याने स्त्रिया कामाला लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास कापडमालाच्या निर्यातीने साखरेला मागे टाकले. प्रारंभी या स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेतन मिळे. विकासाच्या आकडेवारीत ही बाब बहुधा तळटीपेत जाते. ती तेथे जाऊ नये.

साखरेलाही संरक्षण लाभले. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपीय बाजारपेठेने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर बहुधा जागतिक भावाहून चढ्या दराने घेण्याचे मान्य केले. या जादा उत्पन्नातून बेटावर हॉटेले आणि कारखाने उभे राहिले. पुढे पर्यटन वाढले, बँका व वित्तसेवा आल्या. भारताशी १९८२ मध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला आणि कित्येक वर्षे भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीचा मोठा भाग मॉरिशसमार्गे येऊ लागला. करसवलतीसाठी पैशाने घेतलेला हा वळसा होता, अशी टीका झाली आणि २०१६ मध्ये कराराच्या अटी बदलण्यात आल्या.

संरक्षण कायमचे नसते, हेही बेटाने पाहिले. २००५ च्या प्रारंभी कापडमालाच्या आंतरराष्ट्रीय कोटापद्धतीचा अंत झाला आणि हजारो नोकऱ्या गेल्या. २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविला. एके काळी सहा-सात लाख टन साखर काढणारे बेट आता त्याच्या निम्म्याहूनही कमी काढते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अडीचशेहून अधिक असलेले कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. अनेक लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला; जमिनी पडीक राहिल्या किंवा घरबांधणीला गेल्या. जे कारखाने तगले, ते चिपाडे जाळून वीज निर्माण करतात आणि खास प्रकारची कच्ची साखर विकतात. सहवीजनिर्मितीचे हे तंत्र महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना नवे नाही. मॉरिशसने मात्र ते फार लवकर अंगीकारले. अन्नधान्य व खाद्यपदार्थ यांपैकी तीन-चतुर्थांश अजूनही बाहेरून येतात. २०२० मध्ये साथीमुळे विमाने थांबली, तेव्हा पर्यटक आणि आयात माल या दोहोंवर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेचे उत्पन्न एका वर्षात सुमारे १५ टक्क्यांनी घटले. त्यातून देश सावरला असून २०२४ मध्ये त्याच्या लोकसंख्येहून अधिक, म्हणजे सुमारे चौदा लाख पर्यटक तेथे आले. मीड यांचे भाकीत खोटे ठरले, एवढे खरे. मात्र ज्या परावलंबित्वाची त्यांना काळजी होती, ते गेले नाही. त्याचे रूप बदलले.

उपाय आणि त्याचे मोल

आता पुन्हा पाखरांकडे वळावयाचे. कारण बेटावर माणसाने केलेल्या प्रत्येक उपायाचे मोल पाखरांनी दिले आहे.

१७६२ मध्ये टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी भारतातून साळुंक्या नेऊन सोडण्यात आल्या. टोळ आटोक्यात आले. कीड-नियंत्रणासाठी एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम नेलेल्या जीवाचे हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. त्याच साळुंक्या आज तेथील मूळ पोपटाच्या ढोल्या बळकावतात. १८९९ मध्ये प्लेगची साथ बेटावर पोचली. तेव्हा उंदरांवर उतारा म्हणून मुंगसे नेण्यात आली. मुंगसांनी उंदीर खाल्ले आणि जमिनीलगत राहणारी पाखरेही खाल्ली. मलेरियाने एकोणिसाव्या शतकात बेटावर हाहाकार माजविला होता. रोनाल्ड रॉस यांनाही तेथे पाचारण करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली, मलेरिया हटला आणि बालमृत्यू झपाट्याने घटले. मीड यांना ज्या लोकसंख्यावाढीची धास्ती वाटली, ती याच यशातून आली होती. परंतु तेच डीडीटी किड्यांतून पाली-सरड्यांत आणि त्यांच्यातून ससाण्याच्या शरीरात साचले. अंड्यांची कवचे पातळ झाली. बेटावरील केस्ट्रल जातीचा लहानसा ससाणा नाहीसा होऊ लागला. १९७४ मध्ये रानात त्याचे चारच पक्षी शिल्लक असल्याचे आढळले. त्या वेळी तो जगातील सर्वांत दुर्मीळ पक्षी समजला जाई.

फवारणी करणे चूक होते काय? ज्या आईचे मूल वाचले, तिला हा प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी करू नये. मात्र हिशेबात ससाण्याचीही ओळ आहे, हे उशिरा का होईना, देशाच्या ध्यानी आले.

१९७९ मध्ये कार्ल जोन्स हा वेल्समधील तरुण प्राणिशास्त्रज्ञ तेथे आला. जेराल्ड डरेल यांनी जर्सी बेटावर स्थापन केलेल्या संस्थेचे त्याला पाठबळ लाभले. त्याची रीत साधी, पण चिकाटीची होती. ससाण्याच्या मादीची पहिली अंडी काढून घ्यावयाची आणि उबवणी यंत्रात ठेवावयाची. मादी पुन्हा अंडी घालते. रानातील जोडप्यांना वरचे अन्न द्यावयाचे. पिंजऱ्यात वाढलेली पिले हळूहळू मोकळी सोडावयाची. ज्या पाखराला वाचवावयाचे त्याला हात लावू नये, असे मानणाऱ्यांना ही ढवळाढवळ पसंत नव्हती. चारांचे शेकडो झाले, तेव्हा तो वाद आपोआप मावळला.

हाच प्रयोग गुलाबी कबुतरावर झाला. १९९० च्या सुमारास रानात ही कबुतरे दहाच्या आत-बाहेर उरली होती. आता ती सुमारे पाचशे आहेत. तेथील ‘एको’ पोपट हा आपल्याकडील कीर पोपटाचा नातलग. तोही दहा-बारांवरून सातशेच्या पुढे गेला. १९८४ मध्ये मॉरिशसमध्येच एक वन्यजीव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे साडेसहा हजार हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यात आले. त्यातील काही तुकड्यांना कुंपण घालून आत माजलेला विदेशी पेरू माणसे हातांनी उपटून काढतात. शेतातील तण काढावे तसे जंगल निंदावे लागते, आणि एकदा निंदून भागत नाही. पाखरांचे यशही असेच आहे. लक्ष कमी झाले, की संख्या घसरते. केस्ट्रल ससाण्याची संख्या चांगली वाढल्यानंतर पुन्हा उतरली आणि २०१४ मध्ये त्याला परत ‘संकटग्रस्त’ वर्गात टाकावे लागले.

उत्तरेकडील राउंड आयलंड नावाच्या ओसाड बेटावर एकोणिसाव्या शतकात सोडलेल्या शेळ्यांनी व सशांनी वनस्पतींचा फडशा पाडला होता. बागांतून शोभेसाठी लावला जाणारा, बाटलीसारख्या बुंध्याचा पाम मूळचा याच बेटावरचा. शेळ्या १९७९ मध्ये आणि ससे १९८६ मध्ये पूर्णतः हटविण्यात आले. मग नष्ट झालेल्या कासवांचे काम करण्यासाठी सेशेल्समधील अल्दाब्रा येथील कासवे आणून सोडली. ती गवत चरतात, फळे खातात आणि बी पसरवितात. बाहेरून काही आणण्याची ही रीत जुनीच. हेतू तेवढा उलटा झाला.

सगळेच प्रश्न असे सुटलेले नाहीत. तेथील मोठे फलाहारी वटवाघूळ लिची आणि आंब्याच्या बागांवर उतरते. बागायतदारांच्या तक्रारीवरून सरकारने २०१५ पासून काही वर्षांत हजारो वटवाघळे मारविली. २०१८ मध्ये या जातीची गणना संकटग्रस्तांत झाली. शास्त्रज्ञ झाडांना जाळी लावण्यास सांगतात. सरकार जाळीसाठी साहाय्य देते. उंच जुन्या झाडांना जाळी घालणे सोपे नसते, असे बागायतदार म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. राज्यकारभार करणाऱ्याला अशाच प्रश्नांत निर्णय द्यावा लागतो.

मुख्य बेटापासून सुमारे सहाशे किलोमीटर पूर्वेस रॉड्रिग्ज हे १०८ चौरस किलोमीटरचे दुसरे बेट आहे. २००२ पासून त्याला स्वायत्तता आहे. तेथील उथळ समुद्रात स्त्रिया पायी हिंडून भाल्याने ऑक्टोपस धरतात. लहान पिले धरली गेल्याने माल घटत चालला होता. २०१२ पासून दरवर्षी साधारण दोन महिने ऑक्टोपस धरणे बंद ठेवण्यात येते आणि त्या काळात मासेकऱ्यांना दुसरे काम दिले जाते. बंदी उठल्यावर पूर्वीपेक्षा मोठे व वजनदार ऑक्टोपस मिळू लागले. पोटाची सोय केल्याविना बंदी घातली असती, तर ती एक आठवडाही टिकली नसती.

समुद्राबाबत आणखी एक प्रश्न उल्लेखिला पाहिजे. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली व पुढे तेथील रहिवाशांना हलविले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये हे विभाजन बेकायदेशीर असल्याचे मत दिले आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांच्यात बेटांच्या सार्वभौमत्वाविषयीच्या करारावर सह्या झाल्या.

वाकाशिओची रात्र

२५ जुलै २०२० रोजी सायंकाळी ‘वाकाशिओ’ नावाचे जपानी मालकीचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळरांगेवर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातून तेल गळू लागले. सुमारे एक हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात पसरले. जवळच ईल ओ-झेग्रेत हे सव्वीस हेक्टरांचे राखीव बेट आहे. गुलाबी कबुतरांची एक वसाहत तेथे आहे.

यंत्रसामग्री येण्यास वेळ लागणार होता. माएबूर आणि आसपासच्या गावांतील माणसे बाहेर पडली. उसाचे पाचट गोळा झाले. कापडाच्या आणि जाळीच्या लांबलचक पिशव्या शिवून त्यांत ते भरले गेले, तरंगावे म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या गेल्या, आणि हे वेढे होड्यांनी ओढून समुद्रात टाकण्यात आले. केशकर्तनालयांतून कापलेले केसही आले, कारण केसाला तेल धरून ठेवण्याचा गुण असतो. शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत हजारो लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून काम करीत होते. त्याच सुमारास वन्यजीव रक्षकांनी राखीव बेटावरील काही पक्षी आणि रोपे मुख्य भूमीवर हलविली. लगतच्या बेटांवरील दुर्मीळ सापसुरळ्या व पालीही पकडून सुरक्षित ठेवण्यात आल्या. त्यांपैकी काही पुढे विमानाने जर्सी येथील प्राणिसंग्रहालयात पोचल्या.

जहाज दुभंगले. त्याचा पुढचा भाग ऑगस्टअखेर खोल समुद्रात नेऊन बुडविण्यात आला. मागचा भाग रांगेवरच अडकून राहिला होता. तो कापून हलविण्याचे काम २०२२ च्या जानेवारीत पूर्ण झाले.